इंडियाना ड्यून्स: मिशिगन सरोवराकाठी पोहायला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागो आणि परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्यात भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की एक दिवस 'तळ्यावर' जाण्याचा बेत हमखास ठरतो, आणि बहुतेक वेळा तो इंडियाना ड्यून्सचा असतो. पुढील माहिती अशा कुटुंबांसाठी, विशेषतः पाण्यात उतरण्याचा विचार असलेल्यांसाठी, लिहिली आहे. प्रवेशशुल्क, वेळा आणि जीवरक्षकांची उपस्थिती या तीन गोष्टी हंगामागणिक बदलतात. त्या निघण्याआधी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

इंडियाना ड्यून्स नेमके कोठे आहे? राष्ट्रीय उद्यान आणि स्टेट पार्क एकच का?

मिशिगन सरोवराच्या अगदी दक्षिण टोकाला, इंडियाना राज्यातील गॅरी आणि मिशिगन सिटी या शहरांच्या दरम्यान हा वाळूचा किनारा पसरला आहे. शिकागोच्या मध्यवर्ती भागातून गाडीने साधारण एक तास लागतो. शुक्रवारी संध्याकाळी मात्र हा हिशेब धरू नये.

येथे उद्याने दोन आहेत आणि पहिल्यांदा येणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क १९२५ सालचे असून ते राज्य सरकार चालवते. त्याचा किनारा सुमारे तीन मैलांचा आहे. त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला पसरलेले, सुमारे १५ मैलांचा किनारा लाभलेले राष्ट्रीय उद्यान मात्र नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहे. या जागेला १९६६ साली 'नॅशनल लेकशोअर' म्हणून संरक्षण मिळाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पोलाद कारखान्यांना बंदर हवे होते आणि निसर्गप्रेमींना वाळूच्या टेकड्या वाचवायच्या होत्या. त्या दीर्घ भांडणातील तडजोडीतून दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणूनच आजही उद्यानाचे तुकडे कारखान्यांच्या मधूनमधून विखुरलेले दिसतात. नकाशात 'इंडियाना ड्यून्स' एवढेच टाकून निघाल्यास आपण भलत्याच फाटकाशी पोहोचण्याची शक्यता मोठी असते, म्हणून किनाऱ्याचे पूर्ण नाव टाकावे.

प्रवेशशुल्क किती आहे? एकाचा पास दुसऱ्या उद्यानात चालतो का?

चालत नाही. राष्ट्रीय उद्यानात २०२२ पर्यंत सर्वसाधारण प्रवेशशुल्क नव्हते. त्या वर्षी मार्चअखेरीस ते सुरू झाले आणि खासगी गाडीला २५ डॉलर असा दर ठेवला गेला, ज्यावर सात दिवसांपर्यंत ये-जा करता येते. देशातील सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठीचा वार्षिक पास येथे चालतो, परंतु स्टेट पार्कच्या फाटकावर तो दाखवून उपयोग नाही. तिथे राज्याचे वेगळे शुल्क आहे आणि इलिनॉयसारख्या दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट असलेल्या गाडीला ते जास्त पडते. एकाच दिवसात दोन्ही पाहायचे ठरवल्यास दोन्हीकडे पैसे भरावे लागतात. खरे तर लहान मुले आणि ज्येष्ठ सोबत असताना एका दिवसाला एक किनारा पुरतो.

किती वाजता पोहोचावे?

जून ते ऑगस्टमधील शनिवार-रविवारी सकाळी लवकर. वेस्ट बीचचे पार्किंग सोडले तर राष्ट्रीय उद्यानातील बहुतेक किनाऱ्यांची पार्किंगची जागा लहान आहे आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी ती दुपारच्या आत भरते. रस्त्याच्या कडेला गाडी लावली तर दंड होतो किंवा गाडी उचलून नेली जाते. आपल्याकडे पोळ्या, भाजी, डबे, पाण्याच्या बाटल्या असे सगळे आवरून निघेपर्यंत अकरा वाजतात, हे गृहीत धरून डबा आदल्या रात्रीच भरून ठेवावा. सकाळी निघणे जमतच नसेल तर सरळ दुपारी चारनंतर जावे. त्या वेळेला सकाळची गर्दी परतू लागलेली असते आणि जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या आसपास असल्याने वेळही भरपूर मिळतो.

गाडी नसल्यास जाता येते का?

येते. शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून सुटणारी साउथ शोअर लाइन ही रेल्वे उद्यानाला लागूनच धावते आणि मिलर, पोर्टेज-ऑग्डन ड्यून्स, ड्यून पार्क व बेव्हर्ली शोअर्स ही स्थानके उद्यानाच्या जवळ आहेत. स्टेट पार्कसाठी ड्यून पार्कला उतरावे; तेथून किनारा दीड मैलाच्या आसपास असून पायी जाण्यासाठी वेगळी वाट आहे. प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबत नाही, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ जातानाच पाहून ठेवावी. उन्हात भरलेला कूलर आणि दोन मुले घेऊन दीड मैल चालणे ही मौजेची बाब नाही, तेव्हा रेल्वेने जाणाऱ्यांनी सामान पाठपिशवीत मावेल एवढेच ठेवावे.

पोहण्यासाठी कोणता किनारा निवडावा?

ज्या किनाऱ्यावर त्या दिवशी, त्या वेळी जीवरक्षक हजर आहेत तो. दुसरा निकष लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्टेट पार्कमध्ये पोहण्याचा भाग आखून दिलेला असतो आणि उन्हाळ्याच्या हंगामात तेथे जीवरक्षक नेमले जातात. राष्ट्रीय उद्यानात ही सोय केवळ वेस्ट बीचवर, तीही ठराविक काळापुरती आणि मनुष्यबळ उपलब्ध असेल तेव्हा केली जाते. केमिल, डनबार, लेक व्ह्यू, पोर्टर, माउंट बॉल्डी या किनाऱ्यांवर पोहायला अटकाव नसला, तरी लक्ष ठेवणारे कोणी नसते. शांतता आणि सुंदर दृश्य यांमुळे नेमके हेच किनारे लोकांना आवडतात. तेथे वाळूत बसावे, चालावे, पाय भिजवावेत.

वेस्ट बीचवर कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृहे आणि शॉवर आहेत, आणि सरोवराच्या पलीकडच्या काठावर शिकागोच्या उंच इमारतींची रेषा स्वच्छ हवेत स्पष्ट दिसते.

हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे, समुद्र नव्हे. मग एवढी भीती कशाची?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि बहुतेक अपघातांच्या मुळाशी हाच समज असतो. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ३०० मैल लांब, सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर विस्ताराचे आणि कमाल २८१ मीटर खोल आहे. भरती-ओहोटी येथे जाणवण्याइतकी नसते, मीठ नाही, मोठे जलचरही नाहीत. पण वारा आहे. उत्तरेकडून वारा सुटला की त्याला मधे अडवणारे काही नसते. शेकडो मैल उघड्या पाण्यावरून तो लाटा ढकलत आणतो आणि त्या सगळ्या या दक्षिण टोकावर येऊन आदळतात. या टेकड्यांची वाळू ज्या वाऱ्याने आणि लाटांनी हजारो वर्षे इथे आणून टाकली, तेच वारे आणि त्याच लाटा आपण पाण्यात उतरतो तेव्हाही काम करीत असतात.

समुद्राच्या तुलनेत येथे दोन लाटांमधील अंतर कमी असते. गोव्यात किंवा गणपतीपुळ्याला एक लाट अंगावर घेतल्यावर दुसरी येईपर्यंत श्वास घ्यायला जी फुरसत मिळते ती येथे मिळत नाही. पहिल्या लाटेने पाय उचलले गेले की सावरायच्या आत दुसरी तोंडावर येते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने शरीर तरंगण्यासही थोडे जड जाते. कोकणात वाढलेल्या, समुद्रात पोहण्याची सवय असलेल्या माणसाचा अंदाजही म्हणून येथे चुकतो.

तळाची रचनाही नीट समजून घेतली पाहिजे. काठापासून आत जाताना पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत येते, त्यानंतर छातीइतके किंवा अधिक खोल असा लांबट खळगा लागतो आणि त्याच्या पलीकडे वाळूचा बांध असतो, जिथे पाणी पुन्हा कमरेइतकेच असते. पलीकडे उभी असलेली माणसे पाहून सर्वांना वाटते की मधले पाणीही तेवढेच उथळ असणार. मुले धावत बांधाकडे निघतात आणि मधल्या खळग्यात पाय टेकेनासे होतात. शिवाय लाटांनी बांधापलीकडून आणलेले पाणी परत जायला वाट शोधते. बांधाला जिथे खिंड असते तिथून ते जोराने आत ओढले जाते. हाच रिप करंट. त्याची जागा रोज बदलते, त्यामुळे मागच्या रविवारी जिथे निर्धास्त पोहलो तिथे आजही सुरक्षित आहे असे मानता येत नाही. धक्के, बांधीव भिंती आणि खडकांचे बंधारे यांच्या कडेने तर असा प्रवाह जवळजवळ कायम असतो. तेथे पोहायला कधीच जाऊ नये.

सर्वांत फसवा दिवस वादळाचा नसतो, त्याच्या दुसऱ्या दिवसाचा असतो. ऊन पडलेले असते, आकाश निळे असते, लोक मोठ्या संख्येने येतात, आणि पाण्याची ओढ मात्र अजून ओसरलेली नसते.

रिप करंटमध्ये सापडल्यास काय करावे?

काठाकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजू नये. चांगला पोहणाराही त्यात दमतो. पाठीवर उलटून तोंड पाण्याबाहेर ठेवावे आणि तरंगत राहावे. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो, आणि काही अंतरावर त्याचा जोर संपतो. श्वास सावरल्यावर प्रवाह कोणत्या दिशेला नेत आहे ते पाहावे, काठाला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर तिरके काठाकडे यावे. ताकद उरली नसेल तर तरंगत राहून हात हलवावा.

काठावरच्या व्यक्तीने मोकळ्या हातांनी उडी मारणे टाळावे. वाचवायला गेलेला नातेवाईकच बुडाल्याच्या घटना या सरोवरावर घडल्या आहेत. रिकामा कूलर, चेंडू, लाइफ जॅकेट असे तरंगणारे काहीही फेकावे, ९११ वर फोन करावा आणि बुडणाऱ्यावरून नजर काढू नये. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, हात वर करून हाकाही मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोके मागे कललेले आणि हात पाण्यावर दाबल्यासारखे, अशी ती निःशब्द धडपड काही सेकंदांचीच असते.

निघण्याआधी हवामानात काय पाहावे?

पाऊस पडेल का, एवढेच पाहून भागत नाही. वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची पाहावी. नॅशनल वेदर सर्व्हिस उन्हाळ्यात किनाऱ्यांसाठी स्वतंत्र अंदाज देते आणि धोका असल्यास 'बीच हॅझर्ड स्टेटमेंट' काढते. ते निघालेले असेल त्या दिवशी पोहण्याचा बेत रद्द करून टेकड्यांवर चालायला जावे. उत्तरेचा वारा आणि तीन फुटांहून मोठ्या लाटा असतील तर मुलांना पाण्यात सोडू नये. मेघगर्जना ऐकू आली की लगेच पाण्याबाहेर येऊन गाडीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. छत्री रोवून तिच्याखाली बसणे हा उपाय नव्हे.

पाण्याच्या स्वच्छतेविषयीची सूचना कोठे मिळते?

हंगामात किनाऱ्यांवरील पाण्याची ई-कोलाय जिवाणूंसाठी तपासणी होते आणि १०० मिलिलिटरमागे २३५ ही मर्यादा ओलांडली की सूचना लावली जाते किंवा किनारा पोहण्यास बंद केला जातो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पद्धतीने निष्कर्ष यायला सुमारे एक दिवस लागतो, म्हणजे फलकावर दिसते ती कालची स्थिती असते. त्यामुळे जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस पाण्यात न उतरणे हा साधा नियम पाळावा.

स्टेट पार्कच्या मुख्य किनाऱ्यावर ड्यून्स क्रीक हा ओढा वाळूतून वाहत सरोवराला मिळतो. त्याचे पाणी उथळ, संथ आणि सरोवरापेक्षा उबदार असते, त्यामुळे आई-वडिलांना वाटते की लहानग्यांसाठी हीच जागा उत्तम. परंतु वरच्या भागातील पावसाचे वाहते पाणी याच ओढ्यातून खाली येते. दोन वर्षांच्या मुलाला, ज्याच्या तोंडात पाणी जाणारच, त्यात बसवू नये.

पाणी किती थंड असते?

मे महिन्यात हवा तीस अंशांवर गेली तरी पाणी दहा-बारा अंशांच्या आसपास असते, आणि एवढ्या थंड पाण्यात अचानक उडी मारल्यास श्वास अडकून छातीत धडकी भरते. पोहण्याजोगे पाणी जुलै-ऑगस्टमध्ये मिळते, तेव्हा ते साधारण वीस ते चोवीस अंशांचे असते. वाऱ्याने वरचे उबदार पाणी बाजूला सारून खालचे थंड पाणी वर आणल्यास एका दिवसात मोठा फरक पडतो. ज्येष्ठांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी हळूहळू, पाय, मग हात असे भिजवत उतरावे.

मुलांसाठी हवा भरलेले टायर, बदके वगैरे न्यावीत का?

नेऊ नयेत. दक्षिणेचा वारा असतो त्या दिवशी सरोवर अगदी आरशासारखे सपाट दिसते, कारण वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असतो. आणि तोच वारा हवा भरलेली खेळणी, त्यांवर बसलेल्या मुलासकट, भराभर आत नेतो. कोस्ट गार्डची मान्यता असलेले, मुलाच्या वजनाला योग्य लाइफ जॅकेट घ्यावे. ते घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून पाहावे. कानापर्यंत वर सरकत असेल तर ते मोठे आहे. जॅकेट घातले तरी एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे, आणि ते काम कोणाचे हे आधीच ठरवावे. दहा मोठी माणसे सोबत असली की प्रत्येकाला वाटते दुसरा पाहत आहे.

साडी, सलवार-कमीज किंवा जीन्स घालून पाण्यात उतरले तर चालते का?

काठावर पाय भिजवण्यास कोणी हरकत घेत नाही. पण गुडघ्याच्या वर पाणी जाणार असेल तर सुती कपडे आणि विशेषतः साडी धोकादायक ठरते; ओली झाल्यावर ती पायांत गुंडाळली जाते, लाटेबरोबर ओढली जाते आणि पडल्यावर उठता येत नाही. अंगभर कपडे हवे असतील तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि त्याच कापडाची लेगिंग ही सोय सर्व वयांच्या स्त्रियांसाठी मिळते, आणि त्याने उन्हापासूनही बचाव होतो. पायांत सपाता घालाव्यात, कारण दुपारी वाळू चटके देते आणि तळाशी शिंपल्यांच्या धारदार कडा असतात.

ज्येष्ठांना वाळूत चालवत नाही. त्यांना काय पाहता येईल?

लेक व्ह्यू येथे गाडी लावायच्या जागेपासून जवळच छपराखालची बाके आहेत आणि तेथून सरोवर समोर दिसते. पोर्टेज लेकफ्रंट येथे फरसबंद वाट असून चाकाची खुर्ची नेता येते. एका पोलाद कारखान्याच्या सांडपाण्याच्या तलावांची ही जागा साफ करून २००८ साली लोकांसाठी खुली करण्यात आली. बेव्हर्ली शोअर्स येथे १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातील पाच घरे रस्त्यावरूनच पाहता येतात. ती प्रदर्शनानंतर येथे आणून बसवली गेली, आणि 'उद्याचे घर' म्हणून तेव्हा दाखवलेल्या गोष्टी आज पाहताना आई-बाबांच्या पिढीला गंमत वाटते.

टेकड्या चढण्यासारख्या आहेत का?

आहेत, आणि पोहण्याचा बेत बिनसलेला दिवस त्यांच्यासाठीच असतो. स्टेट पार्कमधील 'थ्री ड्यून चॅलेंज' ही वाट माउंट जॅक्सन, माउंट होल्डन आणि माउंट टॉम या अनुक्रमे १७६, १८४ आणि १९२ फुटी टेकड्यांवरून जाते. एकूण अंतर दीड मैल आणि चढ ५५२ फूट. सह्याद्रीत भटकलेल्या मंडळींना हे आकडे किरकोळ वाटतात. पण वाळूत दोन पावले टाकावीत तर एक मागे घसरते, आणि माउंट टॉमच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत सिंहगड रोज चढणाऱ्यालाही धाप लागते.

त्यापेक्षा सोपी आणि अधिक शिकवणारी वाट वेस्ट बीचची 'ड्यून सक्सेशन' ही आहे. सुमारे एक मैलाच्या या वाटेवर लाकडी जिना असून काठाजवळच्या गवतापासून आतल्या जुन्या जंगलापर्यंत वनस्पती कशा एकामागून एक जागा घेतात हे क्रमाने दिसते. शिकागो विद्यापीठाचे हेन्री कोल्स यांनी १८९९ मध्ये याच टेकड्यांवरील अभ्यासातून हा क्रम मांडला आणि तो परिसरविज्ञानाच्या पायाभूत कामांत गणला जातो. निवडुंग आणि उत्तर ध्रुवाकडील थंड प्रदेशातील झुडुपे येथे एकाच परिसरात वाढतात. उद्यानात ११०० हून अधिक जातींच्या स्थानिक वनस्पती आहेत, तेव्हा आखलेली वाट सोडून उतारावरून घसरत जाऊ नये. एका घसरगुंडीने गवताची मुळे उघडी पडतात आणि वारा उरलेले काम करतो.

माउंट बॉल्डीवर मात्र मनाने चढू नये. ही १२६ फुटी टेकडी दर वर्षी काही फूट आत सरकते आणि वाटेतील झाडे गिळते. गाडली गेलेली झाडे आत कुजून पोकळ्या तयार होतात. जुलै २०१३ मध्ये अशाच एका पोकळीत सहा वर्षांचा मुलगा गाडला गेला आणि तीन तासांहून अधिक काळाने जिवंत बाहेर काढला गेला. तेव्हापासून वर जायचे असल्यास उद्यानाच्या रेंजरबरोबरच्या फेरीत जावे लागते. खालचा किनारा खुला आहे.

माश्या आणि किडे त्रास देतात का?

दक्षिणेच्या वाऱ्याच्या दिवशी, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, किनाऱ्यावर घोट्याला चावणाऱ्या माश्या येतात. घरमाशीसारखी दिसणारी ही माशी कापडातूनही चावते आणि डासांच्या मलमाला फारशी दाद देत नाही. अशा दिवशी बस्तान हलवणे हाच उपाय. गवतातून चालल्यास घरी गेल्यावर गोचीड पाहावी, मुलांच्या कानामागे आणि काखेत नीट तपासावे. तीन-तीन पानांची, स्पर्शाने अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही ही वेल वाटेच्या कडेला सर्रास असते. भारतातून आलेल्यांना ती ओळखता येत नाही, म्हणून त्यांना आधी दाखवून द्यावी.

जेवण, शेगडी आणि मद्य यांविषयी काय नियम आहेत?

डबा नेता येतो. काचेच्या बाटल्या आणि बरण्या किनाऱ्यावर नेऊ नयेत. घरचे लोणचे प्लॅस्टिकच्या डबीत न्यावे. स्टेट पार्कमध्ये मद्याला पूर्ण बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानात जागेनुसार नियम वेगळे आहेत, पण पोहायचे असेल त्या दिवशी मद्य नको, हे नियमाविनाही कळायला हवे. जळके कोळसे वाळूत पुरू नयेत. वरून थंड दिसणाऱ्या वाळूखाली ते तासन्तास धगधगतात आणि अनवाणी मुलाचा पाय भाजतो. चिवडा उघडा ठेवला की सीगल पक्षी येणारच, त्यांना मुद्दाम खाऊ घालू नये.

मोठ्या गटाची सहल असेल तर छपराखालची जागा आधीच आरक्षित करावी. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ सालापासूनचे आहे, त्यामुळे अशा सहलींचा अनुभव असलेले कोणी ना कोणी आपल्या ओळखीत निघतेच; त्यांना एक फोन केल्यास बरेच प्रश्न सुटतात.

दूरवर दिसणारा तो अवाढव्य मनोरा अणुवीज प्रकल्पाचा आहे का?

नाही. मिशिगन सिटीतील तो मनोरा कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राचे पाणी थंड करण्यासाठी बांधलेला आहे. त्याच परिसरात पूर्वी हूझियर स्लाइड नावाची सुमारे २०० फुटी वाळूची टेकडी होती. काच बनवण्यासाठी तिची वाळू गाड्या भरभरून नेली गेली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच ती टेकडी संपली.

खडे, शिंपले किंवा थोडी वाळू घरी नेता येते का? विसर्जन करता येते का?

राष्ट्रीय उद्यानातून खडे, फुले, लाकूड काहीही नेण्यास मनाई आहे. गणपतीची मूर्ती किंवा निर्माल्य सरोवरात सोडणे हा कचरा टाकण्याचा गुन्हा ठरतो, मूर्ती शाडूची असली तरीही; मुंबई-पुण्यातील अनेक घरांप्रमाणे बादलीत विसर्जन करून ती माती कुंडीत घालावी. दिवंगताची रक्षा विसर्जित करायची असल्यास राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी घ्यावी. हा अर्ज अनोळखी नाही आणि तो सहानुभूतीने हाताळला जातो, तेव्हा लपूनछपून करण्याचे कारण नाही.

काठावरच्या खासगी घरांसमोरून चालत गेले तर कोणी हटकेल का?

सरोवराच्या सर्वसाधारण उच्चजलरेषेखालचा (म्हणजे पाणी एरवी जिथवर चढते त्या खुणेखालचा) किनारा सार्वजनिक आहे, असा निर्णय इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. पाण्याच्या कडेने चालत जाण्यास त्यामुळे हरकत नाही. घरांच्या पायऱ्या, छत्र्या आणि खुर्च्या मात्र त्यांच्या मालकांच्या आहेत. किनारा दर वर्षी सारखाच रुंद असेल असे समजू नये. सरोवराची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नीचांकी होती आणि २०२० च्या उन्हाळ्यात ती सुमारे सहा फुटांनी वर होती, तेव्हा कित्येक ठिकाणी वाळूचा पट्टाच उरला नव्हता.

हिवाळ्यात जावे का?

जरूर जावे, पण पाण्याच्या कडेला साचलेल्या बर्फावर पाऊल टाकू नये. लाटांच्या तुषारांनी रचलेला हा बर्फाचा थर जमिनीसारखा घट्ट दिसतो, प्रत्यक्षात तो पाण्यावर तरंगत असतो आणि आत पोकळ असतो. कोसळणारा माणूस खालच्या पाण्यात जातो आणि त्याला वर येण्यास वाट सापडत नाही. छायाचित्र वाळूवर उभे राहूनच काढावे.

आणीबाणीत कोणती माहिती हाताशी असावी?

९११ वर बोलताना 'ड्यून्सवर आहोत' एवढे सांगून भागत नाही. किनाऱ्याचे नाव आणि पार्किंगपासून आपण कोणत्या बाजूला आहोत हे सांगावे लागते. पोहोचल्याबरोबर फलकाचे छायाचित्र काढून ते सर्वांना पाठवून ठेवावे. काही ठिकाणी फोनचे सिग्नल क्षीण असतात, त्यामुळे हा निरोप पार्किंगमध्येच पाठवावा. भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या प्रवासी विम्याचे कार्ड आणि त्यांच्या रोजच्या औषधांची यादी गाडीत ठेवावी, आणि गाडीची किल्ली कोणाकडे आहे हे किमान दोघांना ठाऊक असावे.